वाद्यवृंद आणि त्याचे पोशिंदे

आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूरच्या डोंगराळ मुलखात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास वाद्यांचे मेळ गावोगाव फिरत असतात. राजगोंडांच्या दंडारीचे हे मेळ होत. मोरपिसांचे भव्य मुकुट घातलेले आणि अंगाला राख फासलेले गुसाडी नाचतात, हे वृत्तपत्रांतील छायाचित्रांमुळे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. परंतु ज्या नादावर त्यांची पावले पडतात त्या नादाकडे लक्ष देणारे थोडे. सनईच्या जातीचे पेपरे, तुतारीच्या कुळातील कालिकोम, आणि पर्रा, गुमेला, ढोल, वेट्टे ही चर्मवाद्ये, असा त्या मेळाचा संसार असतो. एक गाव दुसऱ्या गावाकडे पाहुणे म्हणून जाते, तेव्हा वाद्येही पाहुणी म्हणून जातात. पाहुण्यांबरोबर वाजंत्र्यांनाही यजमान गाव जेवू घालते आणि मगच निरोप देते.

आजच्या भाषणाचा विषय वाद्यवृंद हा आहे, आणि त्याचा प्रारंभ मी उटनूरच्या डोंगरांतून केला, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. वाद्यवृंद म्हटले की काळा पोशाख केलेले ऐंशी-नव्वद वादक, अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्या आणि मधोमध बारीक काठी घेऊन उभा असलेला संचालक, हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. चित्र खोटे नाही. पण ते एका लांब कहाणीचे शेवटचे पान आहे. त्या कहाणीत दोन प्रश्न पहिल्यापासून आहेत. अनेक माणसांनी निरनिराळी वाद्ये एकत्र कशी वाजवावी, हा पहिला. आणि इतक्या माणसांना पोसावे कोणी, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा संगीताच्या पुस्तकांतून भरपूर सापडते. दुसऱ्याची फारशी होत नाही. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे वाद्यवृंद कोठे जन्मला, कोठे वाढला आणि कोठे मोडला, याचे उत्तर त्या दुसऱ्या प्रश्नातच आहे.

प्रथम वृंद म्हणजे काय ते पाहू. अनेक वाद्ये एकाच वेळी वाजली म्हणजे वाद्यवृंद होत नाही. एकाच रस्त्यावर तीन वराती समोरासमोर आल्या आणि तिन्ही बँड वाजू लागले, तर वाद्ये शंभर असतील, पण वृंद एकही नसेल. वृंदात कामाची वाटणी ठरलेली असावी लागते. कोणी सुरावट चालवावी, कोणी तिला आधार द्यावा, कोणी लय सांभाळावी आणि कोणी कोठे गप्प बसावे, हे आधी निश्चित व्हावे लागते. आपल्या पूर्वसूरींना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. भरताच्या नाट्यशास्त्रात तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत आणि रंगभूमीसाठी एकत्र बसणाऱ्या वादकांच्या समूहाला ‘कुतप’ हे नाव दिले आहे. तारेची, फुंकीची, चामड्याची आणि धातूची ही चौकडी इतकी सोयीची आहे, की आजच्या युरोपीय वाद्यवृंदाची फोडही तिच्या आधारे सहज करता येते.

याहून नेमका तपशील सापडतो तो आपल्या मराठवाड्याच्या भूमीत. तेराव्या शतकात देवगिरीस यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याच्या आजोबांनी काश्मीर सोडून दक्षिणेत वास्तव्य केले होते. शार्ङ्गदेव व्यवसायाने राजदरबारचा हिशेबी अधिकारी, आणि त्याने लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही परंपरांना आजही प्रमाण वाटतो. या ग्रंथात त्याने वृंदाचे उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे प्रकार केले असून उत्तम वृंदाची मोजदादच दिली आहे. चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगवादक, अशी ती बत्तीस माणसे होतात. याहून अधिक माणसे जमली तर त्या समूहाला त्याने दिलेले नाव मोठे मार्मिक आहे. त्याला तो ‘कोलाहल’ म्हणतो. हिशेबनीसाची ही मोजदाद वाचताना मनात येते, की बत्तीसांपलीकडे नादाची शिस्त मोडते हे त्याला जसे उमगले होते, तसेच बत्तीस कलावंतांना वर्षासने देणे म्हणजे काय, हेही दरबारच्या जमाखर्चावर नजर असणाऱ्या त्या माणसाला पुरते माहीत असले पाहिजे.

आता युरोपकडे वळू. ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द मुळात वाद्यांचा नव्हेच. प्राचीन ग्रीसच्या नाट्यगृहात रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये जी वर्तुळाकार मोकळी जागा असे, जेथे गायकांचा समूह नाचत-गात असे, त्या जागेचे हे नाव. पुढे इटलीत संगीतनाटक जन्माला आले आणि वादक त्या जागी बसू लागले. तेव्हा जागेचे नाव माणसांना चिकटले. १६०७ साली मांतुआच्या दरबारात मोन्तेवेर्दी याने ‘ऑर्फेओ’ हे संगीतनाटक सादर केले. त्याच्या छापील प्रतीत कोणकोणती वाद्ये लागतील याची यादी आढळते. तोपर्यंत हाताशी जे वाद्य असेल त्यावर सुरावट वाजवावी, अशीच सर्वसाधारण रीत होती. अमुक सूर अमुक वाद्यानेच वाजवावा, हा आग्रह या काळापासून हळूहळू दृढ होत गेला.

त्याच शतकात फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या पदरी चोवीस व्हायोलिनवादकांचा प्रसिद्ध ताफा होता. त्याच्या दरबारचा संगीतप्रमुख लुली हा शिस्तीचा मोठा भोक्ता; त्याच्या हाताखालच्या सर्व वादकांचे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जात, अशी त्याची ख्याती होती. हातातील जाड दंड जमिनीवर आपटून तो ताल देत असे. १६८७ साली एका सादरीकरणात तो दंड त्याच्या स्वतःच्याच पायावर बसला, जखम चिघळली आणि त्यातच त्याचा अंत झाला. संचालकाच्या हातात आज जी हलकी काठी दिसते तिच्यामागे असा इतिहास आहे.

या वाद्यवृंदाची रचना समजून घेण्यास अवघड नाही. त्यात चार घराणी असतात. पहिले घराणे तारांचे: व्हायोलिनचे दोन गट, त्याहून थोडा खर्जाचा व्हायोला, गुडघ्यांत धरून वाजवावयाचा चेलो, आणि उभ्याने वा उंच बैठकीवरून वाजवावा लागणारा प्रचंड डबल बास. दुसरे घराणे लाकडी फुंकवाद्यांचे: बासरी, सनईची बहीण शोभणारा ओबो, क्लॅरिनेट आणि खर्जाचा बसून. तिसरे पितळी वाद्यांचे: हॉर्न, ट्रंपेट, ट्राँबोन, टूबा. चौथे आघातवाद्यांचे, आणि त्यात प्रमुख म्हणजे आपल्या नगाऱ्याचा जवळचा नातेवाईक टिंपनी. साठ-साठ तंतुवाद्ये आणि ओबो मात्र दोन किंवा तीन, हे प्रमाण पाहून नवख्याला वाटते की हा अन्याय आहे. वास्तविक तसे नाही. एकटा ट्रंपेट वीस व्हायोलिनांना झाकून टाकू शकतो. ओबोचा सूर सुईसारखा सर्व गर्दीतून आरपार जातो. तारांचा नाद मऊ आणि पसरट असल्यामुळे तो संख्येनेच भरावा लागतो. वजनाचा काटा आणि माणसांची शिरगणती या दोन गोष्टी येथे भिन्न आहेत.

परंतु आपल्या कानाला खरा परका वाटतो तो या वृंदातील स्वरांचा परस्परसंबंध. आपले संगीत एका धाग्याचे आहे. तंबोऱ्याचा अचल षड्ज खाली असतो आणि त्यावर एकच सुरावट आपल्या सर्व वळणांसह, मींडेसह, श्रुतींच्या सूक्ष्म छटांसह विणली जाते. दहा माणसे गात असली तरी सुरावट एकच. युरोपीय संगीतात एकाच क्षणी तीन, चार, पाच निरनिराळ्या सुरावटी चालतात आणि त्यांच्या मीलनातून जो संमिश्र नाद उठतो त्यालाच अर्थ असतो. हे साधण्यासाठी त्या लोकांना स्वरांची घरे पक्की बांधावी लागली, सर्व काही कागदावर लिहून ठेवावे लागले आणि श्रुतींचा नाजूकपणा पुष्कळसा सोडून द्यावा लागला. जे मिळाले ते मोठे होते आणि जे सोडले तेही लहान नव्हते. दोन्ही संगीतांची तुलना करताना एकाचे मिळालेले आणि दुसऱ्याचे सोडलेले तेवढेच मोजण्याची चूक आपल्याकडे आणि त्यांच्याकडेही वारंवार झाली आहे.

या वृंदासाठी जे रचनाप्रकार निर्माण झाले त्यांतील तीन तरी ओळखीचे असावेत. पहिला ‘स्वीट’, म्हणजे निरनिराळ्या नृत्यांच्या चालींची माळ; मंद चालीमागून द्रुत, दोन मात्रांमागून तीन मात्रांची. दुसरा ‘कन्चेर्तो’, ज्यात एक वादक एका बाजूस आणि सारा वृंद दुसऱ्या बाजूस असतो. बहुधा त्याचे तीन भाग, द्रुत, विलंबित आणि पुन्हा द्रुत. व्हेनिसच्या विवाल्दीने १७२५ साली प्रसिद्ध केलेले चार ऋतूंवरील चार कन्चेर्तो याच जातीचे. आपल्या श्रोत्याने आरंभ या प्रकारापासून करावा. कारण एकल वादकाची आपल्याला सवय आहे आणि त्याचे बोट धरून मग त्या गर्दीत शिरणे सोपे जाते.

तिसरा आणि सर्वांत थोर प्रकार म्हणजे ‘सिंफनी’. तिचे सामान्यतः चार भाग असतात: पहिला भारदस्त, दुसरा संथ, तिसरा नृत्याच्या चालीचा आणि चौथा वेगवान. पहिल्या भागाची घडण ज्या साच्यात होते त्याला सोनाटाचा साचा म्हणतात. तो समजावयास आपले नारदीय कीर्तन डोळ्यांपुढे आणावे. कीर्तनकार मूळ पद मांडतो. मग निरूपणात त्याची उलटसुलट चर्चा करतो, दृष्टांत देतो, दूरच्या आख्यानात शिरतो. आणि अखेरीस पुन्हा त्याच पदावर येतो. पद तेच, पण मधल्या साऱ्या प्रवासामुळे त्याचा अर्थ आता अधिक गहिरा झालेला असतो. सोनाटाच्या साच्यातही दोन परस्परविरोधी स्वरकल्पना प्रथम मांडल्या जातात, मध्यभागी त्यांची तोडमोड होते, त्या दूरच्या स्वरप्रदेशांत भटकून येतात, आणि शेवटी दोघी एकाच घरी नांदू लागतात. हे ध्यानी ठेवून ऐकले म्हणजे जो गोंगाट वाटत होता त्यात कथा दिसू लागते.

सिंफनीला हे रूप देण्यात ज्यांचा वाटा मोठा, त्यांत योझेफ हायडन हा अग्रगण्य. १७६१ पासून तो एस्टरहाझी या हंगेरीच्या धनाढ्य सरदारघराण्याच्या नोकरीत होता. नोकर हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा. त्याला घराण्याचा गणवेश घालावा लागे. १७७२ साली मालकाने आपल्या ग्रामीण राजवाड्यातील मुक्काम बेसुमार लांबविला. वादकांची बायकामुले दूर आयझेनश्टाट येथे राहिलेली, आणि रजा मागण्याची सोय नव्हती. तेव्हा हायडनने एक सिंफनी रचली. तिच्या शेवटच्या भागात एकेक वादक आपले वाजवणे संपवी, समोरची मेणबत्ती विझवी आणि वाद्य काखेत मारून मुकाट्याने निघून जाई. अखेर दोन व्हायोलिने तेवढी उरली आणि तीही क्षीण होत थांबली. मालकाला अर्थ समजला. दुसऱ्याच दिवशी मुक्काम हलविण्याची आज्ञा झाली, असे सांगतात. या ‘निरोपाच्या सिंफनी’ची गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. मला तीत वाद्यवृंदाच्या साऱ्या जीवनाचे मर्म दिसते. आश्रयदात्याच्या मर्जीवर मेळ जमतो आणि त्याच्या मर्जीवरच वादकाला घर दिसते.

पुढे १७९० साली तो मालक वारला. वारसाला संगीताचे प्रेम नव्हते. त्याने बहुतेक वादकांना निरोप दिला. एका मृत्यूने, जवळजवळ तीस वर्षे घडविलेला वृंद मोडला. हायडन लंडनला गेला आणि तेथे तिकीट काढून येणाऱ्या नागरिकांसमोर त्याने आपल्या शेवटच्या बारा सिंफनी सादर केल्या. पोशिंदा बदलला आणि त्याबरोबर संगीतही बदलले. दिवाणखान्याच्या जागी सभागृह आले. सभागृह भरून टाकण्यासाठी वृंद वाढला. बेटहोवनने १८०८ साली सादर केलेल्या पाचव्या सिंफनीत ट्राँबोन आणले, १८२४ च्या नवव्या सिंफनीत तर गायकांचा समूहच उभा केला. पितळी वाद्यांना झडपा बसू लागल्या आणि त्यांना सर्व स्वर सुलभ झाले. १८३० साली बर्लिओझने आपल्या ‘फँटास्टिक’ सिंफनीतून एका प्रेमवेड्याचे स्वप्न रंगविले. १८४२ साली व्हिएन्ना आणि न्यूयॉर्क या दोन्ही नगरांत वादकांनी आपापल्या संस्था उभारल्या. त्या दोन्ही आज विद्यमान आहेत. राजाच्या ताफ्याची ही नागरिकांची संस्था झाली, आणि म्हणून ती राजानंतरही टिकली.

हा वाद्यवृंद मराठी माणसाला केव्हा भेटला? पुष्कळांची समजूत अशी, की ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजी दुसरा हा १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर होता. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. वैद्यक, मुद्रण, ग्रंथसंग्रह यांतील त्याची आस्था प्रसिद्ध आहे. परंतु विलायती संगीतातही त्याला गती होती. युरोपीय वाद्ये वाजविणारा बँड त्याने पदरी बाळगला होता आणि स्वरलिपीत छापलेले पाश्चात्त्य संगीत मागवून त्याचा संग्रह केला होता. सरस्वती महाल ग्रंथालयात, मराठी मोडी कागदपत्रांच्या शेजारी, त्या संग्रहाचे अवशेष आहेत. व्हायोलिन हे वाद्य दक्षिणेने आपलेसे केले तेही याच कालखंडात आणि याच परिसरात. तंजावरचा बँड मात्र गादी संपली तसा विरला. व्हायोलिन टिकले, कारण ते दरबारावर विसंबले नाही. गुरूकडून शिष्याकडे, देवळाकडे आणि सभेकडे गेले.

गोव्याची गोष्ट याहून दीर्घ आहे. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिन हाती धरण्याचे शिक्षण पिढ्यानुपिढ्या मिळत आले. शिकवणाऱ्याला ‘मेश्त्री’ म्हणत. उद्देश प्रार्थनेचा, परंतु त्यामुळे कोकणी घरांतून कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारी माणसे तयार झाली. गोव्यात त्यांना पोटापुरते काम मिळेना. मग ती संस्थानिकांच्या बँडांत, लष्करी बँडांत, मुंबईच्या मूकपटगृहांत आणि हॉटेलांत पांगली.

मुंबईत १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. पारशी, गोमंतकीय, नौदलाच्या बँडमधील वादक आणि हिटलरच्या छळाला कंटाळून आलेले युरोपीय यांचा तो एक विलक्षण मेळ होता. मेहलींचे चिरंजीव झुबीन हे १९३६ साली याच शहरात जन्मले आणि याच तालमी ऐकत वाढले. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि इस्रायल येथील वाद्यवृंदांची धुरा त्यांनी वाहिली. त्या निर्वासित युरोपीयांपैकी वॉल्टर कॉफमन हे १९३७ ते १९४६ पर्यंत मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीची पहाटेची जी परिचयधून पिढ्यांनी ऐकली, ती त्यांच्या नावावर आहे. मेहलींनी देश सोडला, कॉफमन गेले, युद्ध संपून निर्वासितही पांगले. आणि शहराचा तो वृंद क्षीण झाला.

तो मेळ ज्यांच्या खांद्यावर उभा होता ते गोमंतकीय वादक मात्र येथेच राहिले. त्यांना पोसले ते हिंदी चित्रपटाने. स्वातंत्र्योत्तर काळातील मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत पन्नास-पन्नास, कधी शंभर वादक एका गाण्यासाठी बसत. संगीतकार चाल बांधी. ती चाल कोणत्या वाद्याने कोठे उचलावी, व्हायोलिनांनी खालून काय बोलावे, हे लिहून काढण्याचे काम सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक करीत. पडद्यावर त्यांचे नाव क्वचितच झळके. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतील एक थोर व्हायोलिनवादक आणि शिक्षक. आपल्या रागसंगीताला सिंफनीचा देह द्यावा, हा त्यांचा ध्यास. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी स्वतः उभारलेल्या इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम केला. सारंग रागावर आधारलेल्या कन्चेर्तोसारख्या रचना त्यांनी त्यासाठी लिहिल्या होत्या, आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांच्यासारखे गायक त्यात गायिले. एवढा मोठा संच खिशातून चालविणे एका वादकाला शक्य नव्हते, आणि प्रयोग पुढे रुजला नाही. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील एका गाण्यात त्यांचे नाव सर्व देशाने गुणगुणले. ते त्यांच्या शिष्याने, प्यारेलाल यांनी, वाहिलेले गुरुदक्षिणेचे फूल होते. गाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते, की हे नाव एका खऱ्या माणसाचे आहे?

विलायती वाद्यांखेरीज आपल्या वाद्यांचा वृंद उभारण्याचे यत्नही झाले. मैहर संस्थानात १९१८ च्या साथीने पोरक्या झालेल्या मुलांना उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी जवळ केले आणि त्यांचा वाद्यमेळ बांधला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी ‘नलतरंग’ हे वाद्य बनविले. ज्या मुलांना घर नव्हते त्यांना त्या मेळाने घर दिले. १९५२ साली आकाशवाणीने दिल्लीस राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापिला. पंडित रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर हे त्याचे संचालक, पुढे १९५६ मध्ये पन्नालाल घोषही आले. सतार, सरोद, वीणा, सारंगी, बासरी यांना एकत्र बसवून रागाचे शील न ढळू देता रचना करावयाची, ही तारेवरची कसरत होती. टीका पुष्कळ झाली. पण या प्रयत्नाने एक गोष्ट सिद्ध केली, की मासिक वेतन मिळाले तर आपल्याकडेही वृंद टिकतो.

चित्रपटांतील मोठे संच १९९० नंतर झपाट्याने ओसरले. एका कळफलकावर शंभर व्हायोलिनांचा आभास निर्माण करणारे यंत्र आले आणि शंभर घरांचे उत्पन्न थांबले. त्यानंतर २००६ साली मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. त्याचे वादन उत्तम असते. परंतु बहुसंख्य वादक हंगामापुरते परदेशांतून आणावे लागत आले आहेत. ज्या किनाऱ्यावर एके काळी खेड्याखेड्यांत स्वरलिपी वाचणारी मुले होती, त्या किनाऱ्याच्या महानगरावर ही पाळी यावी, याचा विषाद वाटल्याशिवाय राहत नाही.

आता उटनूरच्या मेळाकडे या दृष्टीने पाहावे. गोंडांच्या कुळकथा सांगण्याचे काम परधान करतात. तीन तारांची, घोड्याच्या केसांच्या गजाने वाजणारी किंगरी हे त्यांचे वाद्य. आदिलाबादचे परधान घरी मराठी बोलत आले आणि यजमानांपुढे गोंडीत गात आले. म्हणजे हा वारसा आपल्या भाषाबंधूंच्या हाती आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. प्रत्येक परधान कुटुंबाची यजमान घरे ठरलेली. यजमानाने धान्य, वस्त्र, गुरे द्यावीत. परधानाने त्याच्या पूर्वजांची कथा जागती ठेवावी. हायडन आणि एस्टरहाझी यांच्यात जो करार होता, त्याच जातीचा, पण पुष्कळ अधिक आपुलकीचा हा करार होय. कारण येथे यजमान आणि वादक एकाच देवासमोर बसतात. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत मेस्राम कुळाच्या गोंडांबरोबर त्यांच्या परधानांचेही स्थान असते.

१९४० च्या दशकात मारलवाई येथे राहून क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने या जीवनाचा तपशीलवार अभ्यास केला. त्याच्या व त्याच्या पत्नीच्या समाध्या आज त्याच गावी आहेत. त्याच्या ग्रंथांतून एक कटू सत्य पुढे येते. विसाव्या शतकात बाहेरच्या लोकांच्या हाती जमिनी जाऊन गोंड निर्धन होत गेले. जमीन गेली तेथे धान्य गेले, आणि धान्य गेले तेथे गाणाऱ्याला द्यावयाचा वाटाही गेला. किंगरीची तार तुटली ती शेताच्या बांधावर. कला लोप पावते तेव्हा आपण नव्या पिढीच्या अनास्थेला दोष देतो. वस्तुतः पहिला घाव पुष्कळदा धान्याच्या कणगीवर पडलेला असतो.

मारलवाईचे गुसाडी नर्तक कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला. २०२४ साली ते निवर्तले. त्या सन्मानाने त्या डोंगरांकडे सर्व देशाची दृष्टी वळली, हे उत्तम झाले. पण सन्मान एका माणसाचा होतो आणि मेळ अनेकांचा असतो. नर्तकाच्या पावलामागे पेपरे फुंकणारा आहे, पर्रा वाजविणारा आहे, ती वाद्ये मढविणारा आहे. यांतील एक निखळला तरी नाच दुबळा होतो.

मग करावे काय? सर्व भार सरकारवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. तंजावर, एस्टरहाझी आणि चित्रपटगृह या तिघांची कहाणी असे सांगते, की ज्या वृंदाचा पोशिंदा एकच, तो त्या एकाबरोबरच जातो. ज्याचे पोशिंदे अनेक, तो जगतो. व्हिएन्नाचा वृंद तिकीट काढणाऱ्या नागरिकांनी जगविला. तंजावरचे व्हायोलिन शेकडो गुरुशिष्यांनी जगविले. दंडारी आजवर टिकली ती गावागणिक होणाऱ्या यजमानपणामुळे. आपल्या गावच्या सभागृहात, शाळेत, उत्सवात जेव्हा वाद्ये वाजविणारे येतात तेव्हा त्यांचे मानधन ठरविताना आपण सर्वांत अधिक घासाघीस करतो, आणि मांडवाच्या खर्चाला मात्र मागेपुढे पाहत नाही. ही सवय बदलणे कोणाच्याही हातचे आहे.

पुढील खेपेस श्रोत्यांनी एखादी सिंफनी ऐकावी, किंवा दिवाळीच्या दिवसांत उटनूरकडे जाऊन दंडारीचा मेळ ऐकावा. शक्य तर दोन्ही ऐकावीत. सुरावट कोण चालवितो, आधार कोण देतो, गप्प कोण बसतो, हे कान देऊन शोधावे; त्यातच मोठा आनंद आहे. आणि ऐकून झाल्यावर, या इतक्या माणसांची आज रात्रीची चूल कशावर पेटणार आहे, हाही प्रश्न मनात येऊ द्यावा. देवगिरीच्या त्या हिशेबनीस पंडिताने वृंदाची माणसे मोजून ठेवली होती. आपणही ती मोजावीत आणि तितकी पाने मांडावीत.